‘स्ट्राँग’ शब्द एक, अर्थ दोन : नाताळची बेल्जियन बिअर चाखताना

डिसेंबरअखेर नोएडा परिसरावर धुक्याची चादर पसरते, त्याच सुमारास बेल्जियममध्ये नाताळसाठी खास तयार केलेली गडद रंगाची, तीव्र ‘एल’ बिअर घरोघरी उघडली जाते. नोएडाकरांना बिअर नवी नाही. शेजारच्या गाझियाबादमधील मोहननगरची ओळखच मोहन मीकिनच्या मद्यनिर्मिती कारखान्याशी जोडलेली आहे. मात्र भारतीयांच्या परिचयाची बिअर म्हणजे प्रामुख्याने सोनेरी, थंडगार लॅगर. त्याच सवयीने बेल्जियन एल प्यायल्यास चव तर हुकतेच, शिवाय मद्याचा अंदाजही चुकतो.

तीव्रतेचे मूळ

बेल्जियममध्ये १९१९ च्या कायद्याने उपाहारगृहांत कडक मद्याच्या विक्रीवर बंदी आली. ती १९८३ पर्यंत कायम होती. या काळात अधिक तीव्र बिअरला मागणी वाढली. नाताळसाठी वेगळी बिअर काढण्याची प्रथाही तेथे रुजली आहे. भारतात परिचित असलेली ‘स्टेला आर्त्वा’ ही लॅगर १९२६ मध्ये नाताळसाठीच निघाली होती. ट्रॅपिस्ट मठातील ‘शिमे ब्लू’ ही ९ टक्के मद्यांशाची गडद एलदेखील मूळची नाताळचीच बिअर होय.

या बिअरचा गडद रंग भाजलेल्या माल्टमधून आणि साखर आटवून केलेल्या, काकवीसारख्या काळसर पाकातून येतो. साखर जवळजवळ पूर्णपणे आंबते. त्यामुळे मद्यांश वाढूनही बिअर जड होत नाही. अनेक बिअरमध्ये बाटली भरताना थोडी साखर व यीस्ट घालतात आणि बाटलीतच ती पुन्हा आंबते. तळाशी दिसणारा गाळ त्याचाच असतो.

चव कशी पाहावी?

ही बिअर बर्फासारखी थंड करू नये. अतिथंडपणात सुगंध दबतो. साधारण १० ते १४ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. रुंद तोंडाचा पेला तिरपा धरून बिअर सावकाश ओतावी आणि गाळ बाटलीतच राहू द्यावा. प्रथम वास घ्यावा. काळ्या मनुका, सुके अंजीर, करपवलेली साखर आणि लवंग यांची आठवण व्हावी असा तो असतो. यांपैकी बराचसा सुगंध फळांचा वा मसाल्याचा नसून यीस्टने निर्माण केलेला असतो. त्यानंतर लहान घोट घेऊन तो क्षणभर जिभेवर ठेवावा. आरंभी गोडसर, मग किंचित कडवट आणि शेवटी घशाला ऊब देणारी अशी ही चव उलगडत जाते.

हिशेब मद्याचा

भारतीय मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत मद्यांश असलेली बिअर सौम्य, तर त्याहून अधिक आणि ८ टक्क्यांपर्यंतची ‘स्ट्राँग’ समजली जाते. बेल्जियन नाताळ एल अनेकदा ही मर्यादाही ओलांडते. ९ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बाटलीत सुमारे ३० मिलिलिटर शुद्ध मद्य असते. म्हणजेच ही लहान बाटली ५ टक्क्यांच्या सुमारे ६०० मिलिलिटर बिअरइतकी होते. गोडव्यामुळे ही तीव्रता सहज जाणवत नाही. त्यामुळे एक बाटली दोघा-तिघांत वाटून घेणे इष्ट.

उत्तर प्रदेशात मद्यपानासाठी किमान वय २१ वर्षे आहे. रक्तातील मद्याचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक आढळल्यास वाहनचालकावर देशभरात कारवाई होते. पहिल्या गुन्ह्यासाठी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धुक्याने दृष्टी रोखलेल्या रस्त्यावर तर हा धोका दुप्पट होतो. म्हणून पेला हाती घेण्यापूर्वीच घरी परतण्याची सोय करून ठेवावी.