परतीचे तिकीट

परदेशी नांदणारी लेक दोन वर्षांनी माहेरपणाला येते, तेव्हा घरात सणच उभा राहतो. जावईबापू सोबत असतात. आठवडाभर पाहुणचार होतो, एखादी गोव्याची सहलही पार पडते. मग रजा संपल्याचे सांगून ते पुढे निघून जातात. तिने महिन्याने जावयाचे असते. बॅगा भरताना तिच्या ध्यानात येते की, पारपत्र जागेवर नाही. फोन लागत नाही. विमान कंपनीकडे चौकशी करावी, तर परतीचे तिकीट रद्द झालेले असते. काही आठवड्यांनी परकीय न्यायालयाचा लिफाफा घरी येतो.

पत्नी टाकून देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हा या प्रश्नाची खोली महाराष्ट्राच्या ध्यानात आली. परंतु त्या काळी सासरी छळ झालेली स्त्री निदान एस.टी.ने माहेर गाठू शके आणि तालुक्याच्या न्यायालयात दाद मागू शके. येथे सासरचे घर सरहद्दीपलीकडे असते. तिला उंबऱ्यावर अडविण्याचे काम पतीला करावे लागत नाही. ते परक्या देशाचे सरकार विनामूल्य करते!

या व्यवहाराचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. अवलंबित म्हणून मिळालेल्या व्हिसावर राहणाऱ्या पत्नीचा वास्तव्याचा हक्क पतीच्या नोकरीवर टांगलेला असतो. अमेरिकेत एच-४ व्हिसावरील स्त्रीला सर्वसाधारणपणे नोकरीची मुभाच नाही. २०१५ मध्ये सवलत मिळाली, तीही ज्यांच्या पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज एका टप्प्यापलीकडे गेला आहे अशांना. येथली नोकरी तिने विवाहासाठी सोडलेली, तेथे मिळकत नाही. अशा संसारातून अंग काढून घेण्यास पतीला खर्च येतो एका विमान प्रवासाचा. तिच्या बाजूला मात्र घर, स्त्रीधन, न्यायालयात उभे राहण्याची संधी आणि कधीकधी तेथेच राहिलेले मूल, एवढे सारे एका दिवसात जाते. नवे पारपत्र खटपटीने मिळते. व्हिसा मिळत नाही, कारण त्या अर्जाला पुन्हा पतीचेच कागद जोडावे लागतात. अनेकदा या सहलीपूर्वी मारहाण झालेली असते. ती मात्र परक्या गावी, बंद दाराआड झालेली; तिला साक्षीदार कोठून मिळावा?

इंग्लंड व वेल्समधील कौटुंबिक न्यायालयांसाठीच्या निर्देशांत २०१७ साली अशा परित्यागाचा समावेश कौटुंबिक अत्याचाराच्या व्याख्येत झाला. तरीही पीडितेसाठी असलेली वास्तव्याची सवलत ब्रिटनमध्ये हजर असलेल्या स्त्रीलाच मिळे. जिला बाहेर नेऊन सोडले, नेमकी तीच वगळली जाई! २०२४ च्या आरंभी नियम बदलले आणि तिला बाहेरून अर्ज करता येऊ लागला.

आपल्या न्यायालयांनी दखल घेतली नाही, असे म्हणता येणार नाही. पत्नीने स्वेच्छेने ज्यात भाग घेतला नाही, असा परदेशी घटस्फोट सहजासहजी मान्य होणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले. १९९४ मध्ये, परदेशी जाण्याच्या आशेने नोकरी सोडून बसलेल्या एका स्त्रीच्या प्रकरणात, याविषयी स्वतंत्र कायदा करावा असेही सुचविले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि स्त्री तात्पुरती जेथे राहते तेथेही तिला अर्ज करता येतो. तथापि पोटगीचा हुकूम हाती पडला, तरी वसुली कोणाकडून करावयाची? अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. तीस दिवसांत नोंदणी, न केल्यास पारपत्रावर टाच, अशा त्यात तरतुदी होत्या. त्याचा कायदा झाला नाही.

मुलाचा पगार, गाडी, घर यांची कसून चौकशी करणारे वधूपिते मुलीच्या व्हिसाचा प्रकार विचारत नाहीत. वास्तविक १९६७ च्या पारपत्र कायद्याप्रमाणे पारपत्र ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. पतीने ते आपल्या कपाटात ठेवावे, असा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. तिच्या नावाची एक प्रत माहेरी असावी आणि तिकीट तिच्या स्वतःच्या खात्यातून काढावे, इतकी साधी गोष्टही मानापमानाच्या भीतीने राहून जाते. रद्द झालेल्या तिकिटाचा परतावा मग, ज्याने पैसे भरले, त्याच्याच खात्यात जमा होतो.