नांगर कशाने धरतो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

होडीचा नांगर वजनाने धरतो, हा नांगराविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज. वास्तविक नांगर धरतो तो तळात रुतून. वजनाचे काम एवढेच की नांगराने झटकन खाली जावे आणि त्याची नखी तळाला टेकावी. निव्वळ वजनावर भिस्त ठेवायची, तर पाण्यात ते पुरते उरतही नाही. समुद्राच्या पाण्यात लोखंडाचे वजन सुमारे १३ टक्क्यांनी घटते, काळ्या पाषाणाचे एक तृतीयांशाहून अधिक, आणि कोकणातल्या सच्छिद्र जांभ्याचे तर निम्म्याच्या आसपास. जांभ्याचा चिरा दोराला बांधून पाण्यात सोडणे म्हणजे होडीला नांगरल्याचे समाधान देणे, एवढेच. जुन्या दर्यावर्दींना हे ठाऊक होते. द्वारका आणि बेट द्वारकेजवळच्या समुद्रतळावर सापडलेल्या अनेक दगडी नांगरांना खालच्या अंगाला चौकोनी भोके आहेत. त्यांत लाकडी खुंट्या ठोकत; दगड वजन देई आणि खुंट्या तळात घुसत.

चांगल्या घडणीचा, रुंद पात्यांचा नांगर घट्ट वाळूत स्वतःच्या वजनाच्या दहा-वीस पट ओढ सहज पेलतो. म्हणून दोन नांगरांची तुलना तराजूवर करून भागत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ साली शेतातल्या फाळाच्या आकाराचा नांगर काढला, तो याच हिशेबाने: ओढ वाढेल तसा तो आणखी खोल जातो. टेलर हे द्रवगतिशास्त्रातले मोठे नाव, आणि हौसेने शिडाची होडी चालवणारेही.

बर्फाळ देशांत हिवाळ्यात होड्या किनाऱ्यावर काढलेल्या असतात. अशा वेळी तराजूऐवजी अंगणातल्या गुडघाभर बर्फात नांगर ओढून कोणता जास्त धरतो याची परीक्षा घ्यावी, असे एखाद्या हौशी माणसाला वाटू शकते. याबाबत दोन उलटसुलट समज होऊ शकतात. एक असा की बर्फ मऊ, त्यात नांगर धरणारच नाही. तो चुकीचा आहे. हिमालयात गिर्यारोहक दोराला आधार म्हणून धातूची तिरकी पाटी बर्फात पुरतात, आणि ती नांगराच्या पात्यासारखीच ओढीबरोबर खाली शिरते. अंटार्क्टिकाच्या हिमकड्याला लागणाऱ्या जहाजांचे दोरही बर्फात पुरलेल्या ओंडक्यांना बांधले जातात, कारण तिथे कड्याखालचा समुद्र फार खोल असतो. दुसरा समज असा की बर्फात जिंकलेला नांगर पाण्यातही जिंकेल. ताज्या भुसभुशीत बर्फाचा एक घनमीटर शंभर किलोच्या आतबाहेर भरतो, तर ओल्या वाळूचा दोन हजारांच्या जवळ. शिवाय बर्फ दाबाने आवळतो आणि थांबल्यावर आपसांत चिकटतो. वाळू तसे करत नाही. बर्फातल्या परीक्षेतून पाते कोणत्या कोनात वळते ते कळेल, किती ओढ पेलते ते नाही.

कोकणातल्या पूर्णगडला बर्फाची वाट पाहण्याची गरज नाही, कारण निरनिराळ्या तळांची परीक्षा तिथे रोजच होते. मुचकुंदी नदी गडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. अशा खाडीच्या मुखाशी वाळू साचते, आत चिखल बसतो आणि डोंगराच्या सोंडेखाली कातळ असतो. चार नख्यांचा छोटा नांगर कातळाच्या फटीत पक्का अडकतो, कधी इतका की निघतच नाही; म्हणून त्याच्या बुडाला वेगळी दोरी आणि तरंगता बोया बांधावा. तोच नांगर वाळूत रेघोट्या ओढत जातो. मऊ चिखलाला रुंद पाते लागते. सगळीकडे चालणारा नांगर कोणी विकत असेल, तर तो नांगरापेक्षा विक्री चांगली जाणतो.

दोर आखूड ठेवला की होडी जागेवर राहते, हा समज सर्वांत घातक. ओढ जितकी आडवी, तितका नांगर खोल. ओढ वर झाली की तो उपटतो. दोर ताणून सरळ झाला, तर उंचीच्या तिप्पट लांबीला तळाशी सुमारे १९ अंशांचा कोन पडतो, पाचपटीला साडेअकरा, दहापटीला ६. ही उंची पाण्याची नव्हे, तळापासून होडीच्या नाळेपर्यंतची, म्हणजे पुढच्या टोकापर्यंतची धरायची. ओहोटीला तीन मीटर पाणी आणि वर एक मीटर नाळ असेल, तर पाचपटीने वीस मीटर दोर होतो. भरतीला पाणी दोन मीटर चढले की तोच दोर जेमतेम सव्वातीनपट उरतो. ओहोटीला बेतलेला दोर भरतीत अपुरा पडतो तो असा. नांगराजवळ काही मीटर साखळी जोडली, तर ती तळावर लोळून ओढ आडवी ठेवते आणि खडकावर दोर झिजू देत नाही.

एकदा धरलेला नांगर धरूनच राहतो, असेही नाही. खाडीत भरती-ओहोटीमुळे प्रवाह दिवसातून चारदा उलटतो. होडी फिरते, नांगर उलट्या बाजूने ओढला जातो, निघतो आणि त्याला नव्याने रुतावे लागते. वाऱ्याचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरीजवळ नांगरलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटून मिऱ्याच्या किनाऱ्याला लागले.

नांगर सरकतोय की होडी नुसती झुलतेय, हे पाण्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा धराव्यात. गडाचा बुरूज आणि त्यापुढचा माड, असे काहीही चालेल. झुलणाऱ्या होडीवरून त्या खुणा फाकतात आणि पुन्हा जुळतात. त्या एकाच बाजूला फाकत राहिल्या, तर नांगर सुटला आहे. अशा वेळी आधी आणखी दोर सोडावा, आणि तरीही भागले नाही तर नांगर उचलून दुसऱ्या जागी टाकावा.