हाजींच्या घराची बोलकी भिंत

आपल्याकडे कुणी हजला निघाले की घरात पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कुणी 'आमच्यासाठी दुआ करा' म्हणून सांगायला येतो, कुणी जुना रुसवा विसरून गळाभेट घेतो. हारतुरे होतात, दावत होते आणि अलीकडे चौकात एखादा फ्लेक्सही लागतो. परत आल्यावर जमजमचे पाणी आणि खजूर घरोघर पोचतात. महिन्याभरात फ्लेक्स उतरतो आणि दारावरच्या पाटीत नावाआधी 'हाजी' हा शब्द वाढतो. एवढीच काय ती त्या मोठ्या सफरीची बाहेरून दिसणारी खूण.

इजिप्तमध्ये, म्हणजे आपण ज्याला मिसर म्हणतो त्या देशात, ही खूण घराच्या भिंतीवर उमटते. घरातला माणूस हजला गेला की मागे राहिलेले मुलगे आणि भाऊ घराचा दर्शनी भाग चुन्याने धुऊन काढतात आणि गावातल्या रंगाऱ्याला बोलावतात. हाजी परततात तेव्हा त्यांच्या स्वागताला घरच सजून उभे असते. भिंतीवर काबा, मदिनेचा हिरवा घुमट, जहाज किंवा विमान, एहराम बांधलेला यात्रेकरू, कुरआनच्या आयती, हाजींचे नाव आणि हजचे वर्ष. ही चित्रे मिसरभर दिसतात, पण त्यांची खरी बहार नाईलच्या काठाने दक्षिणेकडे गेल्यावर, लक्सर, इस्ना, अस्वान या पट्ट्यातल्या खेड्यांत आहे.

रस्त्यावरच्या भिंतीवर चित्रे काढण्याची लाट आता जगभर आहे. आपल्या मुंबई-पुण्यातही उड्डाणपुलांचे खांब आणि शाळांच्या कुंपणभिंती रंगू लागल्या आहेत. त्यातली जी चित्रे भिंतीवरचे दार, खिडकी, झाड किंवा जिना यांना आपल्यात सामावून घेतात त्यांचे आपल्याला विशेष कौतुक वाटते. मिसरचे खेडवळ रंगारी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. म्हणून ते जरा बारकाईने पाहू.

दार मध्ये, काबा एका बाजूला

हे काम करणारे बहुतेक जण दुकानांच्या पाट्या रंगवणारे, घरांना रंग देणारे, नाहीतर शाळेत शिकवणारे असतात. यांतल्या अनेकांनी स्वतः मक्का पाहिलेली नसते. छापील चित्रे, टीव्ही आणि आधीच्या हाजींनी सांगितलेल्या आठवणी एवढ्यावर त्यांचे काम चालते. घरचे लोक सांगतात, 'वालिद विमानाने गेले', 'अम्मी सोबत होत्या', आणि रंगारी ते भिंतीवर आणतो.

त्याच्यासमोर कोरा कागद नसतो. भिंतीच्या मधोमध दार असते, दोन्ही बाजूंना खिडक्या असतात, दाराशी बसायला मातीचा ओटा असतो, वर विजेची तार लोंबत असते. कच्च्या विटांची भिंत कुठे फुगलेली, कुठे दबलेली. चांगला रंगारी यातले काही झाकायला जात नाही. तो बहुधा दाराच्या एका बाजूला काबा काढतो आणि दुसऱ्या बाजूला मस्जिदे नबवीचा हिरवा घुमट. दारावरच्या जागेत आयती कमानीसारख्या वळवून लिहितो. विमान वर, छपराच्या कडेजवळ, म्हणजे खऱ्या आभाळाला लागून उडते. जहाज खालच्या लांब पट्ट्यात, गल्लीच्या दिशेने चालते.

परिणाम असा होतो की हाजी घरात शिरतात तेव्हा रोज मक्का आणि मदिना यांच्या मधून आत जातात. ओट्यावर गप्पा मारत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठीमागे काबा असतो. गल्लीतून मूल धावत गेले तर जहाजाच्या सोबत धावते. दार, ओटा आणि माणसे मिळून ते चित्र पुरे होते. ते उचलून एखाद्या संग्रहालयात नेले तर रंग शाबूत राहतील, पण 'या घरातला माणूस अल्लाहच्या घरी जाऊन आला' हे सांगायला ते घर तिथे नसेल.

जेरुसलेमच्या जुन्या शहरातही मुस्लिम मोहल्ल्यात हाजींच्या दारांभोवती अशी सजावट करतात. तिथे गल्ल्या अरुंद आणि भिंती दगडी, त्यामुळे चित्र दाराच्या चौकटीला बिलगून असते आणि काब्याशेजारी कुब्बतुस्सखराचा घुमटही येतो. रिवाज एकच, पण भिंत बदलली की चित्राची चालही बदलते.

उंटापासून विमानापर्यंत

हा रिवाज जुना आहे. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने कैरोत राहून तिथल्या लोकांच्या चालीरीतींवर लिहिलेला ग्रंथ 1836 साली निघाला. हाजी परतण्याआधी त्यांच्या घराचे दार आणि दर्शनी भाग गेरूने व चुन्याने रंगवतात, झाडे, सिंह, उंट अशी साधी चित्रे काढतात, अशी नोंद त्यात आहे. पुढे विसाव्या शतकात ॲन पार्कर आणि एव्हन नील या अमेरिकन जोडप्याने मिसरमधल्या अशा भिंतींची छायाचित्रे आणि माहिती जमवली. त्यांचे पुस्तक 1995 साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या अनेक भिंती आज जागेवर नाहीत.

या चित्रांतून हजच्या सफरीचा इतिहासच वाचता येतो. जुन्या चित्रांत उंटांचा काफिला आणि महमल असते. महमल म्हणजे कैरोहून हजच्या काफिल्यासोबत जाणारी उंटावरची सजवलेली पालखी. याच काफिल्याबरोबर काब्याचा गिलाफही जात असे. हा गिलाफ कैरोत विणून पाठवण्याची परंपरा 1962 पर्यंत चालू होती, म्हणून मिसरच्या लोकांना तिचा मोठा अभिमान. नंतर भिंतीवर धूर सोडणारी जहाजे आली, रेल्वे आली, बस आली आणि शेवटी विमान आले. घरात आजोबा जहाजाने आणि नातू विमानाने गेला असेल तर दोन्ही एकाच भिंतीवर शेजारी-शेजारी दिसू शकतात.

जहाजाचे चित्र काढताना घरच्यांच्या मनात धाकधूकही असते. फेब्रुवारी 2006 मध्ये सौदी अरबच्या दुबा बंदरातून मिसरच्या सफागा बंदराकडे निघालेले 'अल-सलाम 98' हे जहाज तांबड्या समुद्रात बुडाले आणि सुमारे एक हजार माणसे गेली. त्यात बहुतेक सौदीत मजुरी करणारे मिसरी होते, काही हजहून परतणारेही होते. अशा देशात परतलेल्या माणसाच्या भिंतीवरचे जहाज म्हणजे रंगाने लिहिलेला शुक्राना आहे.

हे वाचताना आपल्या कोकणातल्या घरांना मुंबईची गोदी आठवल्याशिवाय राहणार नाही. मुघल लाइनच्या जहाजांनी हजला गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. मुंबई ते जिद्दा ही जहाजाची सेवा 1995 मध्ये बंद झाली. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यातला मुक्काम, पेटीत बांधलेला शिधा, समुद्रावरचे दिवस, हे सगळे त्या बुजुर्गांच्या तोंडी आहे. मिसरी खेड्यात अशा आठवणींना निदान भिंतीचा आधार मिळाला. आपल्याकडे त्या सांगणाऱ्यासोबतच निघून चालल्या आहेत.

दिखावा की साक्ष?

इथे दोन प्रश्न येतात आणि ते टाळण्यात अर्थ नाही. पहिला चित्रांचा. मिसरच्या भिंतींवर माणसे, उंट, घोडे, पक्षी, काही ठिकाणी हजरत इब्राहीम (अ.) यांच्या कुर्बानीचा प्रसंगही काढलेला दिसतो. सजीवांची चित्रे काढणे अनेक उलमांना मान्य नाही, आणि प्रेषितांचे चित्र तर मुळीच नाही. भिंतीवर रंगाऱ्याने काढले म्हणून ते जायज होत नाही. मिसरमध्येही अशी पुष्कळ घरे आहेत जिथे फक्त काबा, घुमट, विमान, खजुरीचे झाड आणि सुंदर अक्षरे एवढेच आढळते. या भिंतींना त्यामुळे काही उणेपणा येत नाही. उलट अक्षरांचे वळण दाराच्या कमानीत बसवण्याचे रंगाऱ्याचे कसब तिथे अधिक उठून दिसते.

दुसरा प्रश्न दिखाव्याचा. इबादत अल्लाहसाठी, मग ती भिंतीवर का मिरवायची? शंका रास्त आहे. नियत कुणाची काय आहे हे अल्लाहच जाणतो. पण भिंतीची दुसरी बाजूही आहे. खेड्यात घराच्या दारावर 'हाजी' असे मोठ्या अक्षरांत लिहिले की ते घरच्यांपेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेत जास्त राहते. दुकानदाराने मापात मारले, भावाचा जमिनीचा हिस्सा दाबला, सुनेला छळले तर गल्लीतले कुणीही त्याच्याच भिंतीकडे बोट दाखवू शकते. जी भिंत अभिमानाने रंगवली तीच पुढे साक्षीदार होते. हाजी म्हणवून घेणे सोपे, हाजी म्हणून शेजारात राहणे अवघड, आणि भिंत दुसऱ्या गोष्टीची रोज आठवण देते.

या कसोटीवर आपला फ्लेक्स लावून पाहावा. आपल्या फ्लेक्सवर बहुधा हाजी साहेबांचा चेहरा सर्वांत मोठा असतो, त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे आणि एखाद्या स्थानिक नेत्याचा हसरा फोटो. काबा वरच्या कोपऱ्यात, जागा उरली तर. मिसरच्या भिंतीवर प्रमाण नेमके उलटे आहे. काबा मोठा, मदिना मोठी आणि हाजी असलेच तर लहानसे, हात उचललेले, इतर यात्रेकरूंसारखेच पांढऱ्या कपड्यातले. एहरामात अमीर-गरीब ओळखू येत नाहीत, तसेच त्या भिंतीवरही चेहऱ्याने कुणी ओळखू येत नाही. ओळख फक्त नावाने पटते. बाईमाणसाच्या हजसाठी 'हाज्जा' म्हणून तिचे नाव लिहिलेल्या भिंतीही तिथे आहेत.

आणखी एक फरक आहे. ती चित्रे सहसा पुन्हा-पुन्हा ताजी करत नाहीत. ऊन आणि धूळ त्यांना हळूहळू फिकट करतात. वीस वर्षांनी निळ्याचे राखाडी होते, नाव अर्धे पुसले जाते. तोवर हाजींचे हाजीपण भिंतीवरून त्यांच्या वागण्यात उतरले असेल तर रंग गेल्याने काही बिघडत नाही.

गुर्ना गावाची घरे

लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम काठावर गुर्ना नावाचे जुने गाव डोंगरउतारावर वसले होते. निळी, पिवळी, गुलाबी घरे आणि त्यांवर हजची चित्रे. परदेशी पाहुणे त्यांचे फोटो काढत. या घरांच्या खाली आणि आसपास प्राचीन मिसरच्या सरदारांच्या हजारो वर्षांच्या कबरी आहेत. त्यांच्या आतल्या भिंतीही चित्रांनी भरलेल्या. त्यांत शेती आहे, मेजवान्या आहेत, आणि काही कबरींत अबिडॉस या त्या काळच्या पवित्र नगरीच्या यात्रेला निघालेली नावही रंगवलेली आहे. खाली मेलेल्यांसाठी अंधारात काढलेली यात्रेची नाव, वर जिवंत माणसांच्या गल्लीत हजचे जहाज. एकाच डोंगरावर दोन्ही.

कबरींचे रक्षण व्हावे म्हणून सरकारने गाव हलवायचे ठरवले. 1940 च्या दशकात नामवंत वास्तुकार हसन फतही यांनी गुर्नाच्या लोकांसाठी मातीच्या विटांचे नवे गाव उभारायला घेतले होते, पण लोक जुनी घरे सोडून तिकडे गेले नाहीत आणि ते काम अर्धवट राहिले. अखेर डिसेंबर 2006 पासून जुन्या गुर्नाच्या घरांवर बुलडोझर चालू लागले आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक वस्ती हटली. कुटुंबांना दुसरीकडे नवी घरे मिळाली. पाण्याची सोय आधीपेक्षा बरी झाली, हेही खरे, कारण जुन्या डोंगरावर पाणी वाहून न्यावे लागे. पण भिंती सोबत नेता आल्या नाहीत. जमिनीखालची चित्रे वारसा ठरली आणि जमिनीवरची चित्रे मलब्यात गेली.

वारसा कशाला म्हणायचे हे बहुतेक वेळा दुसरेच कुणी ठरवतात. हे आपल्यालाही नवे नाही. जुन्या मोहल्ल्याचा पुनर्विकास होतो तेव्हा मशीद वाचते, एखादी दर्गा वाचते, पण चौथरे, दारे, ओटे आणि त्यांवर बसून सांगितलेल्या गोष्टी कोणत्याही नकाशात नसतात.

मिसरमध्ये मातीची घरे जाऊन सिमेंटची आली तरी हजची चित्रे पूर्ण थांबलेली नाहीत. ती आता तेलरंगात निघतात. आपण त्यांची नक्कल करावी असे आमचे म्हणणे नाही. आपल्या घरांच्या भिंती वेगळ्या, सोसायटीचे नियम वेगळे. पण या वर्षी आपल्या घरातून किंवा शेजारातून कुणी हजला जाणार असेल तर ते परतल्यावर एक वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. कोणत्या साली गेले, सोबत कोण होते, मिनाच्या तंबूत शेजारी कोण होते, अरफातला कुणासाठी दुआ मागितली, हे लिहून घ्यावे. घरात जहाजाने गेलेले बुजुर्ग असतील तर आधी त्यांच्यापाशी बसावे.