नळीच्या वाटेने

कॅन्सरवर केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या मानेजवळ किंवा छातीवर एक बारीक नळी आपण पाहतो. तिचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. हीच सेंट्रल लाइन. औषध, सलाइन, रक्त हिच्यातूनच जाते. रोज हातावर सुई टोचावी लागत नाही. पण औषधाची जी वाट, तीच जंतूंचीही.

बहुधा हे जंतू आपल्या त्वचेवरचेच असतात. क्वचित मात्र भलताच पाहुणा निघतो. ऱ्हायझोबियम रेडिओबॅक्टर हा मातीतला जंतू. त्याचे काही प्रकार गुलाबासारख्या झाडांवर गाठी आणतात. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. पण प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाच्या नळीत शिरला, की आत चिकट थर धरून बसतो. त्या थरात अँटिबायोटिकचे फारसे चालत नाही. मग पुष्कळदा नळीच काढावी लागते.

यावर उपाय साधेच आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील १०३ अतिदक्षता विभागांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. हात धुणे, नळी बसवताना निर्जंतुक कपडे, त्वचेला क्लोरहेक्सिडिन, जांघेतली शीर शक्यतो टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे, या पाच गोष्टी तिथे नेमाने पाळल्या. असे संसर्ग सुमारे दोन तृतीयांशांनी घटले.

घरच्यांनीही नळीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. नळीतून औषध गेल्यावर थंडी वाजून ताप आला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे. आणि डॉक्टरांना विचारायला संकोच कसला? ‘ही नळी अजून हवी आहे का?’