गिझरची ज्योत हवा कुठून घेते?

थंडीच्या दिवसांत न्हाणीघरात कुणी बेशुद्ध पडल्याची किंवा दगावल्याची बातमी येते, तेव्हा पहिला संशय ‘गॅस लीक’वर जातो. पण अनेकदा सिलिंडर, नळी, रेग्युलेटर सगळे शाबूत असते. गिझर व्यवस्थित पेटलेलाही असतो. कमी पडलेली असते ती हवा.

एक किलो एलपीजी पूर्णपणे जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात मात्र जेमतेम साडेपाच घनमीटर हवा मावते. दार-खिडकी घट्ट बंद असेल, तर ही सगळी हवा पंचवीस मिनिटांत खर्ची पडेल. धोका त्याच्या फार आधी सुरू होतो. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत उतरला, की गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. याच हिशेबाने त्याला चार मिनिटेही लागत नाहीत. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते, त्यामुळे वेळ लांबतो. पण गार वारा नको म्हणून त्या फटीच आपण बुजवतो!

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. एलपीजीला येणारा उग्र वास हा त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो आणि तो ज्योतीत जळून जातो. त्यामुळे नाक इथे कामाचे नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते. धोका कळेपर्यंत दाराची कडी काढण्याचीही ताकद उरलेली नसते. काहींना न्हाणीघरातच झटके येतात आणि त्यांच्यावर अपस्माराचे उपचार सुरू होतात. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने केली आहे.

‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. फॅन हवा बाहेर फेकतो, आत आणत नाही. आत येण्याची वाट नसेल, तर खोलीतला दाब उतरतो आणि गिझरला धूर बाहेर नेणारी नळी असली, तरी तिच्यातला धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. फॅन चालायचा, तर दाराला खाली झडपा हव्यात.

थंड देशांत हाच प्रश्न घर उबदार ठेवणाऱ्या शेगड्यांबाबत येतो. अमेरिकेत जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारा ‘पेलेट स्टोव्ह’ बसवतात. घर हवाबंद असेल, तर जळणासाठी लागणारी हवा वेगळ्या नळीने थेट बाहेरून स्टोव्हला देतात, धूर दुसऱ्या नळीने बाहेर जातो. खोलीतल्या हवेला हात लागत नाही. गिझरमध्येही अशी बंदिस्त रचना मिळते, पण आपल्याकडे ती क्वचितच दिसते.

त्याहून सोपा उपाय म्हणजे गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या जागी बसवणे. ड्राय बाल्कनी त्यासाठी योग्य, मात्र तिला सरकत्या काचा लावून ती बंद केली, की तीही खोलीच झाली. गिझर आतच असेल, तर दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गिझर बंद करावा, आतली हवा मोकळी होऊ द्यावी आणि मगच अंघोळीला जावे. लहान मुलांना एकामागून एक अंघोळ घालतानाही मध्ये गिझर चालू ठेवू नये.

आत कुणी पडलेले आढळल्यास आधी गॅस बंद करून व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. घरातल्या पल्स ऑक्सिमीटरवर ९८ दिसले, म्हणून थांबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्या यंत्राला प्राणवायूने भरलेलेच वाटते. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तास. डॉक्टरांना ‘गिझर गॅसचा होता’ एवढे सांगितले, तरी तपासणीची दिशा बदलते.