वाईन म्हणजे दारू नव्हे?

"दारू वाईट, पण वाईन हृदयाला बरी असते," असे सांगणारे शिकलेले बांधव हल्ली लग्नसमारंभात हमखास भेटतात. हा समज आला कुठून?

१९९१ साली अमेरिकेतील 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात सांगण्यात आले की, फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी; कारण बहुधा लाल वाईन. त्यानंतर तिकडे लाल वाईनचा खप झपाट्याने वाढला. पुढे चूक लक्षात आली. अनेक अभ्यासांत 'न पिणारे' म्हणून ज्यांना मोजले, त्यांत आजारपणामुळे पिणे सोडलेले लोकही होते. साहजिकच तो गट जास्त आजारी दिसला आणि थोडी पिणारे निरोगी ठरले! द्राक्षाच्या सालीतील ज्या रेसव्हेराट्रॉलचे एवढे कौतुक होते, ते लिटरभर वाईनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असते. त्यापेक्षा द्राक्षे खावीत.

मद्यामुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले होते. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट केले की, मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. त्याच वर्षी आयर्लंडने बाटलीवर कर्करोगाचा इशारा छापण्याचा नियम केला. इटली, फ्रान्ससारखे वाईन पिकवणारे देश लगेच विरोधात उभे राहिले.

आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास मंजुरी दिली, तेव्हा द्राक्ष बागायतदारांचे नाव पुढे करून "वाईन म्हणजे दारू नव्हे" असे सांगितले गेले. मोठा विरोध झाला आणि निर्णय मागे पडला. पण ते वाक्य लोकांच्या तोंडी राहिले.

आता हिशोब पाहा. १२ टक्के मद्यार्काच्या वाईनचा १५० मिलिलिटरचा ग्लास घेतला, तर पोटात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क जातो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये तो सुमारे १० ग्रॅम असतो. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही.

'अल्कोहोलविरहित' वाईनही आता निघाली आहे. तिच्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो. शिवाय चव तीच. ज्यांनी कष्टाने व्यसन सोडले आहे, त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

आणि डॉक्टरांनी "दारू घेता का?" असे विचारले, तर वाईनही सांगा. अनेकजण ती मोजतच नाहीत, आणि मधुमेहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या त्या अपुऱ्या माहितीवर लिहून दिल्या जातात.