कुजबुजणाऱ्या घुमटाच्या शहरात



आमच्या कडेगावच्या माणसांना मान वर करून पाहण्याची सवय लहानपणापासूनच लागते. मोहरमच्या दिवसांत गावात उंच उंच ताबूत निघतात आणि ते पाहायला दूरदूरच्या गावांहून माणसे येतात. वडिलांच्या खांद्यावर बसून मीही ते पाहिले आहेत. पण मान वर करून पाहावे, आणि मग डोळे मिटून ऐकावे, असे एक ठिकाण आपल्यापासून फार लांब नाही. आपल्या सांगली जिल्ह्याचा जत तालुका ओलांडला की विजापूर जिल्हा लागतो. आज तो कर्नाटकात आहे आणि २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव विजयपूर असे झाले आहे. पण इतिहासाच्या पुस्तकातून तुम्हाला माहीत आहे ते आदिलशाहीचे विजापूर हेच.

चला तर, आज या शहराची सहल करू. मात्र ती पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने करावी तशी!

फसलेली सहल

काही वर्षांपूर्वी मी आमच्या कॉलेजातील चाळीस मुलामुलींना घेऊन विजापूरला गेलो होतो. एस.टी.ने मिरज, जत करीत पोचेपर्यंत दुपार झाली. गोल घुमटाच्या कोपऱ्यातील मनोऱ्याचे चक्राकार जिने चढून आम्ही धापा टाकीत वरच्या सज्जात आलो. तेथे आधीच दोन-तीन शाळांच्या सहली होत्या. कुणी शिट्या मारीत होते, कुणी टाळ्या वाजवीत होते, तर कुणी स्वतःचेच नाव मोठ्याने पुकारीत होते. घुमट नुसता गर्जत होता! आमची मुलेही त्यात सामील झाली.

परतताना एका मुलीने मला विचारले, "सर, तुम्ही वर्गात सांगितले होते की इथे कुजबुज ऐकू येते. ती कुठे होती?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण त्या दिवशी ती मलाही ऐकू आली नव्हती. चाळीस जणांना इतक्या लांब आणून मी त्यांना फक्त गोंगाट ऐकवला होता.

घुमटाची मोजमापे

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ही इमारत थोडी समजून घेऊ.

गोल घुमट ही मुहम्मद आदिलशहाची कबर. त्याने १६२७ ते १६५६ या काळात राज्य केले. खालचे दालन चौरस असून त्याची प्रत्येक बाजू आतून सुमारे ४१ मीटर आहे. एवढ्या मोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही! वरच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आणि भिंतीची जाडी जवळजवळ ३ मीटर. रोमच्या पँथिऑनचा घुमट याहून मोठा आहे, त्याचा व्यास सुमारे ४३ मीटर. पण लंडनच्या सेंट पॉल्स चर्चचा प्रसिद्ध घुमट मात्र आपल्या गोल घुमटापेक्षा लहान आहे.

चौरस दालनावर गोल घुमट बसवायचा कसा? कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभारल्या. वहीत एक चौरस काढा आणि त्याच मध्यबिंदूभोवती ४५ अंशांत फिरवून दुसरा चौरस काढा. आत अष्टकोन तयार होईल. या अष्टकोनावर घुमट बसला आहे. जड घुमट आपल्या वजनाने खालच्या भिंती बाहेर ढकलू पाहतो. उलट, आत झुकलेल्या या कमानींचे वजन आतल्या बाजूला ओढते. बाहेर ढकलणारे बल आणि आत ओढणारे बल यांचा असा मेळ बसला आहे.

आत झुकलेल्या या बांधकामावरच, जमिनीपासून सुमारे ३३ मीटर उंचीवर, घुमटाच्या आतून गोल फिरणारा सज्जा आहे. आपली प्रयोगशाळा ती हीच.

टाळीचा रस्ता

सज्जात उभे राहून एक टाळी वाजवा. आवाज घुमटाच्या पोकळीतून आरपार जातो, समोरच्या भिंतीवर आपटतो आणि परत येतो. जाऊन येऊन अंतर झाले ७६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर वेळ लागतो ०.२२ सेकंद. दोन आवाज वेगळे ओळखण्यासाठी आपल्या कानाला साधारण ०.१ सेकंदाचे अंतर पुरते. म्हणून प्रतिध्वनी टाळीपासून अगदी स्वच्छ वेगळा ऐकू येतो.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. गुळगुळीत, टणक गिलावा आवाज फारसा शोषून घेत नाही. परत आलेला आवाज पुन्हा समोर जातो, पुन्हा येतो. त्यामुळे एका टाळीच्या सात, आठ, कधी दहा टाळ्या ऐकू येतात. दर सेकंदाला चार-पाच या हिशेबाने त्या मोजताना तारांबळ उडते, हे खरे!

कुजबुजीचा रस्ता

आता भिंतीला तोंड जवळ नेऊन अगदी हळू बोला. व्यासाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ३८ मीटर दूर, भिंतीला कान लावून बसलेल्या मित्राला ते ऐकू जाते. हे कसे घडते?

मोकळ्या मैदानात आवाज चहूकडे पसरतो. १ मीटरवर त्याची जी तीव्रता असते, ती ३८ मीटरवर ३८ × ३८ म्हणजे १४४४ पटींनी कमी होते. एवढी क्षीण कुजबुज कानाला कशी कळणार? तेव्हा ती सरळ रस्त्याने जात नसली पाहिजे.

कंपास घ्या आणि कागदावर १९ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. हा झाला आपला सज्जा, एका मीटरला एक सेंटिमीटर या प्रमाणात. परिघावरच्या एका बिंदूतून, स्पर्शिकेशी १० अंशांचा कोन करणारी रेषा काढा. ती थोड्याच अंतरावर पुन्हा परिघाला भेटेल. परावर्तनाच्या नियमाप्रमाणे ती तेथून पुन्हा १० अंशांनीच निघेल आणि पुन्हा परिघाला भेटेल. अशा रेषा काढत जा. पाहा, एकही रेषा वर्तुळाच्या मध्याकडे वळत नाही! सगळ्या परिघाला चिकटून पुढे जातात. हिशेब केला तर सज्जातील हा पट्टा भिंतीपासून फक्त २९ सेंटिमीटर रुंद भरतो. कोन २० अंशांचा घेतला तर तो सव्वा मीटरच्या आत राहतो.

म्हणजे कुजबुज भिंतीच्या कडेकडेने, जणू सरपटत जाते. या रस्त्याने तिला ६० मीटर जावे लागते. रस्ता लांबचा खरा, पण आवाज चहूकडे न सांडता एका पट्ट्यात राहतो. त्यामुळे तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात न घटता साधारण अंतराच्याच प्रमाणात घटतो. ढोबळ मानाने १४४४ च्या जागी ६० पट! लांबच्या रस्त्याने आलेली कुजबुज म्हणूनच जास्त स्पष्ट असते.

आणि कुजबुजच का? कुजबुजताना आपण 'स', 'श' यांसारखे उच्च कंप्रतेचे आवाज जास्त काढतो. त्यांची तरंगलांबी लहान असते. लहान तरंग वक्र भिंतीला अधिक चांगले चिकटून राहतात.

लंडनमध्ये सी. व्ही. रामन

हे भिंतीलगतच्या प्रवासाचे स्पष्टीकरण प्रथम दिले ते इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी, सेंट पॉल्सच्या सज्जाबद्दल. १९२१ साली आपले सी. व्ही. रामन इंग्लंडला गेले होते. याच प्रवासात भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगाने त्यांना प्रकाशाच्या विकिरणाकडे ओढले, ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. पण त्याच वेळी त्यांनी सेंट पॉल्सच्या सज्जातही प्रयोग केले, हे फार जणांना ठाऊक नसते. भिंतीपासून दूर जाताना आवाज एकसारखा कमी होत नाही, तो कमी-जास्त, कमी-जास्त होत जातो, असे त्यांना आढळले. पुढे भारतातील कुजबुजत्या घुमटांवरही त्यांनी लिहिले आणि त्यांत आपला गोल घुमटही होता.

आज हीच कल्पना प्रकाशासाठी वापरतात. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या गोळीत प्रकाश कडेकडेने हजारो फेऱ्या घालतो. त्यावरून अतिसूक्ष्म कणांचा शोध घेणारी उपकरणे तयार करतात.

घरी करून पाहा

विजापूरला जाणे जमेपर्यंत थांबायचे कारण नाही. सुमारे दोन मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असा पातळ पत्रा अर्धवर्तुळात वाकवून जमिनीवर उभा करा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून हे काम मोठ्यांच्या मदतीने करा. आतल्या बाजूला एका टोकाशी टिकटिक करणारे घड्याळ ठेवा आणि दुसऱ्या टोकाशी कान न्या. आता मध्यावर, पत्र्याच्या आतल्या बाजूला एक अरुंद पट्टी उभी धरा. घड्याळ आणि कान यांच्यामधली सरळ वाट मोकळीच आहे, तरी टिकटिक एकदम मंद होईल. रॅले यांनी असाच प्रयोग करून आपले म्हणणे सिद्ध केले होते.

शहरात आणखी काय पाहाल?

शेरझा बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ चुकवू नका. ती १५४९ साली आपल्या अहमदनगरला ओतली. आज त्या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. तोफेचे वजन सुमारे ५५ टन. तिच्या धातूत तांबे सुमारे ८० टक्के आणि कथील २० टक्के, म्हणजे हे घंटेचेच मिश्रण! म्हणून हलकेच टकटक केली तर ती घंटेसारखी निनादते. १८५४ साली इंग्रजांनी तिचा लिलाव पुकारला, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची. सुदैवाने विक्री रद्द झाली.

जवळच्या उपली बुरुजावर बाहेरून वळणावळणाने चढणाऱ्या पायऱ्या आहेत. वर उभे राहिले की सारे शहर दिसते. इब्राहीम रोजाच्या खिडक्यांत दगड कोरून अक्षरांची जाळी केली आहे. आणि बारा कमान ही दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी राहिलेली कबर. अर्धवट इमारत पाहिली की कमान कशी रचतात ते उघड्यावर दिसते. शिकणाऱ्याला हे फार उपयोगी!

उत्तर मिळाले

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी विजापूरला मुक्काम केला आणि घुमटाचे दार उघडताच आत शिरलो. ती प्रश्न विचारणारी मुलगीही आली होती. सज्जात आमच्याशिवाय कुणी नव्हते. सर्वांनी पाच मिनिटे एक शब्दही बोलायचा नाही, असे ठरले. ती समोरच्या बाजूला जाऊन भिंतीला टेकून बसली. इथून ती बोटाएवढी दिसत होती.

मी भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलो, "आता ऐकू येते का?"

क्षणभर काहीच नाही. मग माझ्या कानाशी, अगदी खांद्यामागे कुणी उभे असावे तसा आवाज आला, "येते सर. पण एवढे मोठ्याने कशाला?"

आदल्या वर्षीही घुमट तोच होता आणि भौतिकीचे नियमही तेच होते. कमी होती ती फक्त शांततेची. टाळीचे प्रतिध्वनी पोकळीत घुमत असले की भिंतीलगतची नाजूक कुजबुज त्यांत बुडून जाते. एका माणसाचे ओरडणे सज्जातल्या साऱ्यांचा प्रयोग बिघडवते. म्हणून मित्रांनो, तुमची सहल विजापूरला जाईल तेव्हा सकाळी लवकर जा, भिंतींवर नावे कोरू नका, आणि एक टाळी वाजवून झाली की गप्प बसा. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ उभा असलेला तो घुमट मग तुमच्याशी आपण होऊन बोलेल.